उद्यमबागेतल्या वर्कशॉपला कॉम्प्युटर कुणाकडून घ्यावेत?

प्रेषक: शारजा (मूळ गाव बेळगाव, टिळकवाडी)

मंडळी, सप्रेम नमस्कार.

घरचं काम आहे, सल्ला हवाय. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं मशीन शॉप आहे, धाकटा भाऊ बघतो. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर धातू कापणारी मशीन), ऑफिसात तीन कॉम्प्युटर. त्यातले दोन इतके जुने की विंडोज ११ त्यांवर चढतच नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिसरं बंदच आहे. आता एक दणकट मशीन डिझाइन आणि प्रोग्रामिंगसाठी, दोन साधी टॅलीसाठी घ्यायची आहेत.

भाऊ म्हणतो ऑनलाइन मागवू. बाबा म्हणतात कोल्हापुरात ओळखीचा आहे, त्याच्याकडून आणू. मला वाटतं गावातलाच माणूस धरावा, पण एकदा हात पोळलेत. ते बंद मशीन गावातच असेंबल करून घेतलं होतं. आठ महिन्यांत एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) गेला, जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. बिलावर नुसतं ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग’. मदरबोर्डच्या कंपनीला खरेदीचा पुरावा हवा होता. आमच्या बिलावर ना मॉडेल, ना सीरियल नंबर. दुकानदाराने हात वर केले. भाऊ अजून त्या रागात आहे.

माणूस पारखायचा कसा, कुणी सांगेल का?

---

प्रेषक: बेळगाव (पूर्वी मस्कत)

तुझा अंदाज बरोबर आहे. मस्कतला १९ वर्षं काढून मी परत आलो, माझंही युनिट आता उद्यमबागेतच आहे. परदेशातल्या बेळगावकरांच्या या मेलिंग लिस्टवर मात्र राहिलोय, सवय सुटत नाही.

कोल्हापूरवाला वाईट असतो असं नाही, पण मशीन बंद पडलं की तो ११० किलोमीटरवर असतो. करात फरक काही पडत नाही: इथे केंद्राचा ९ अधिक राज्याचा ९ टक्के जीएसटी, तिथून आणलं तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या खरेदीवरचा जीएसटी) १८ टक्के, आणि बिलावर आपला २९ चा, म्हणजे कर्नाटकचा, जीएसटी नंबर असला की दोन्हीचं क्रेडिट मिळतं. उलट ५० हजारांच्या वरचा माल गाडीत घालून आणायचा तर ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद) पाहिजे, नाहीतर सीमेवर कोगनोळीला कुणी अडवलं की दिवस गेला. बाबांना एवढं समजावून सांग.

मी दुकान निवडलं ते एका मीटरमुळे. तिघांना बोलावलं होतं. दोघं केबिनमध्ये बसले, चहा घेतला, संध्याकाळी कोटेशन पाठवलं. तिसरा पोरगा थेट शॉप फ्लोअरवर गेला. बॅगेतून मल्टिमीटर काढला आणि कॉम्प्युटरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमध्ये टोकं घातली. १४ व्होल्ट. म्हणाला, “काका, हे ३ च्या आत पाहिजे. वेल्डिंग सेट लागला की आणि चढणार. आधी अर्थिंग करून घ्या, मशीन मग देतो.” मे महिना होता, अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा. इलेक्ट्रिशियन बोलावून खड्डा नव्याने भरून घेतला, कॉम्प्युटरची लाइन वेल्डिंगपासून वेगळी काढली. यात पंधरा दिवस गेले. तेवढे दिवस त्याची विक्री अडली होती, तरी एकदाही त्याने घाई केली नाही. तुमचा एसएमपीएस कशाने गेला ते मला इथून कळायचं नाही, पण नवीन मशीन लावायच्या आधी सॉकेट तेवढं तपासून घ्या.

मग तो व्हीएमसीच्या मागे वाकून बघायला लागला, प्रोग्राम कशातून जातो म्हणून. आमची एक व्हीएमसी जुनी, अजून आरएस-२३२ या जुन्या पद्धतीच्या सीरियल केबलवर चालते. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्ट सहसा नसतो. यूएसबीचे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, पण त्यातल्या काहींची चिप नव्या विंडोजला चालत नाही, आणि लांबलचक प्रोग्राम मशीनला जाता जाता मध्येच तुटला तर जॉब भंगारात. त्याने सीरियल पोर्टची सोय असलेला मदरबोर्ड शोधून आणला. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, त्याने विचारलं. ज्याला आपल्या कामाबद्दल प्रश्न पडतात त्याच्याकडून घ्यावं असं माझं ठाम मत आहे. कॅबिनेटला रंगीत लाइट आणि प्रोसेसरच्या कोरांचा आकडा दाखवणारा सोडून द्या. डिझाइनचं सॉफ्टवेअर मॉडेल फिरवताना बहुतेक ताण एकाच कोरवर टाकतं. कोर थोडे कमी चालतील, वेग जास्त हवा.

बिलाचं म्हणशील तर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि पुढे सीरियल नंबर. प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच घ्या, त्याला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. सुट्ट्या ट्रेमधल्याला दुकानदार देईल तेवढीच. डबे टाकू नका, माळ्यावर ठेवा. विंडोजचं लायसन्स बिलावर दिसलं पाहिजे.

यूपीएसवर पैसे वाचवू नका. ६०० व्हीए लिहिलेला साधारण ३६० वॅट देतो, ग्राफिक्स कार्डवाल्या मशीनला तो पुरत नाही.

आणि केबिन ग्राइंडिंगपासून लांब ठेवा. आपल्याकडची धूळ लोखंडाची असते, बोर्डावर बसली तर शॉर्ट करते. आमचा पोरगा दर तीन महिन्यांनी येऊन ब्लोअर मारतो, जाळी धुऊन बसवतो. एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, हे लिहून घेतलंय.

---

प्रेषक: टोरांटो (माहेर वडगाव)

काकांचं सगळं पटलं, एक सोडून. टॅलीची दोन मशीन असेंबल करू नका. ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉप घ्या, तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटीवाली, पण घ्या त्याच गावातल्या दुकानातून. म्हणजे पार्टची जबाबदारी कंपनीची आणि सेवेची त्याची. कुणी जुनी रिफर्बिश्ड दाखवली तर जनरेशन विचारा. इंटेलच्या आठव्याच्या खालची घेऊ नका, नाहीतर विंडोज ११ साठी पुन्हा अडून बसाल.

आमचं साड्यांचं दुकान आहे, मागे माग. आमचं दुखणं मशीनचं नव्हतं, पासवर्डचं होतं. सगळं बघणारा मुलगा चांगला होता, नोकरी लागली म्हणून बेंगळुरूला गेला. मग कळलं की राउटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, दुकानाच्या वेबसाइटचं डोमेन, सगळं त्याच्याच ईमेलवर. त्याने काही वाईट केलं नाही, पण तो फोन उचलेपर्यंत दादा दोन आठवडे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघू शकला नाही, आणि त्याच दिवसांत एक पार्सल हरवलं होतं. आता आईच्या कपाटात एक वही आहे. प्रत्येक पासवर्ड त्यात, तिच्या अक्षरात, मराठीत. एएमसी करणारा कुणीही असो, पासवर्ड बदलला की वहीत लिहूनच जायचं.

एएमसी पार्टसकट आहे की फक्त सर्व्हिसची, हे सहीच्या आधी विचारा. किती तासांत येणार आणि मशीन न्यावं लागलं तर बदली देणार का, हेही. आम्ही कागदावर लिहून घेतलं की महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, जीएसटी रिटर्नच्या दिवशी, फोन केल्यापासून दोन तासांत माणूस यायचा.

बॅकअपची हार्ड डिस्क कायम लावून ठेवू नका. व्हायरस आला तर टॅलीबरोबर तीही कुलूपबंद होते. दादा रोज संध्याकाळी लावतो, कॉपी झाली की काढून घरी नेतो.

---

प्रेषक: शारजा

काका, ताई, मनापासून आभार. दोघांच्या मेल बाबांना फोनवर वाचून दाखवल्या. कोल्हापूर रद्द. अर्थिंगचं ऐकून ते गप्पच झाले. आमचा खड्डा १९९० च्या दशकातला, त्यानंतर कुणी उघडलेला नाही.

काका, त्या पोराचं दुकान कुठे ते मला वेगळं कळवा. शनिवारी भाऊ त्याच्याकडे नवीन मशीनचं बोलणार नाही, आधी ते बंद पडलेलं मशीन घेऊन जाईल आणि काय गेलंय एवढंच विचारेल. खरं सांगून पैसे घेतले, तर पुढचं बोलू.

ताई, वही आजच आणायला सांगितली.