कड्याच्या पायथ्याशी भिंत बांधावी की आधी वरचं पाणी आवरावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं घर समुद्राकाठच्या कड्यावर आहे, आणि कडा म्हणजे कातळ नाही हो, वर चिकणमाती, मध्ये वाळूचा पट्टा, खाली परत चिकणमाती. बाबांनी घर बांधलं तेव्हा टोकापर्यंत 40 पावलं होती, काल मी मोजली तर 19. आता आमच्या ओळीतल्या सहा घरांनी मिळून पायथ्याशी काँक्रीटची उभी भिंत घालायची असं ठरत आलंय, काँट्रॅक्टर पण घाई करतोय, आणि मला मात्र रात्री झोप लागत नाही.

एक तर वाचलंय की उभ्या भिंतीवर लाट आपटून मागे फिरते आणि भिंतीच्या बुडाचीच वाळू ओढून नेते. दुसरं म्हणजे भिंत जिथे संपते तिथे लाटा वळसा घालून जास्त जोरात खणतात. इंग्लंडमध्ये मॅपलटन गावाने 1991 मध्ये दगडांचे दोन ग्रोइन (वाळू अडवणारे आडवे बांध) समुद्रात काढले, गाव वाचलं, पण किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणारी वाळू अडल्यामुळे पुढच्या शेतांची जमीन आधीपेक्षा भराभर गेली. आमच्यापुढेही चार घरं आहेत, त्यात एक आजी एकट्याच राहतात. त्यांच्या अंगणाचा बळी देऊन आपलं घर वाचवायचं हे मला पटत नाही.

आणि मुख्य शंका. मागच्या वेळी कडा कोसळला तो वादळात नाही, मोठा पाऊस होऊन गेल्यावर दोन दिवसांनी, तेसुद्धा ओहोटीच्या वेळी! वाळूच्या पट्ट्याखालून अजूनही पाणी झिरपतंय. अंगणात टोकाला समांतर एक भेग आहे, बोट जाईल एवढी. सगळ्यांच्या पन्हाळीचं पाणी आणि शोषखड्डे कड्याच्याच बाजूला आहेत. मग भिंतीने काय होणार? कोणी अशा जागी काम केलं असेल तर प्लीज सांगा.

उत्तर १: आधी भेगेचं बघा, भिंतीचं नंतर. त्या बाजूच्या खोलीत कोणी झोपू नका आणि कड्याखाली उभं राहून फोटो काढू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर रोज लिहून ठेवा, वाढत असेल तर घर सोडायची तयारी ठेवा. तुमची शंका बरोबर आहे, पाणी वाळूतून उतरतं, खालच्या चिकणमातीवर अडतं, तिथे दाब वाढतो आणि वरचा भाग घसरतो. पण समुद्राला सोडून देऊ नका, पायथा खणला जात राहिला तर उतार कधीच स्थिर होत नाही. दोन्ही कामं लागतात. इंग्लंडमधल्याच लाइम रेजिस गावी उतारातलं पाणी काढलं, उतार पायलिंगने (जमिनीत खोल खांब घालून) बांधला आणि पुढे पुळणही रुंद केली. उभ्या भिंतीपेक्षा उतरते मोठे दगड बरे, लाटेचा जोर त्यांच्या फटींत मुरतो, फक्त खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) हवं आणि बूड वाळूच्या पातळीच्या बरंच खाली न्यायला हवं. काम जिथे संपतं त्या टोकांचं डिझाइन कागदावर मागा, काँट्रॅक्टर ते दाखवत नसेल तर सही करू नका.

उत्तर २: आणि तिथली वाळू-गोटे कुणालाही उचलू देऊ नका. इंग्लंडच्या डेव्हनमधल्या हॉलसँड्स गावासमोरचे गोटे 1897 पासून गोदीच्या बांधकामाला उपसले, पुळण खाली बसली आणि 1917 च्या जानेवारीतल्या वादळात गाव गेलं. पुळण हीच पहिली भिंत.

मूळ प्रश्नकर्ता: खूप आभार दोघांचे. खुंट्या आत्ताच ठोकल्या, अंतर 62 सेंमी. पन्हाळीचं पाणी बंद पाइपने थेट खाली पुळणीपर्यंत न्यायचं आणि शोषखड्डे बंद करायचे हे उद्या सगळ्यांपुढे मांडतो, आजींनाही बोलावलंय. एकच राहिलं, भेगेत सिमेंट ओतू का?

उत्तर १: नको, सिमेंट माती हलली की तडकतं. चिकणमाती ठासून भरा, वरून ताडपत्री घाला, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही. जिओटेक्निकल (माती-उतार तपासणारा) इंजिनिअर मात्र याच आठवड्यात बोलवा.