जम्प-स्टार्ट करताना केबल उलट्या लागल्या, आता गाडी पूर्ण डेड, फ्यूज टाकला की लगेच उडतो

मंडळी मदत हवीय. काल रात्री बाईकची बॅटरी बसली होती म्हणून मित्राच्या बाईकवरून जम्प देत होतो. केबल जुन्या, रंग पार उडालेले, अंधारात मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून लावत होतो आणि माझ्या बाजूला प्लस-मायनस उलटं झालं. मोठी ठिणगी पडली, सीटखालून बारीक 'टप्प' असा आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकसारखा वास. केबल लगेच ओढून काढली, दोन-तीन सेकंदच लागली असेल. तेव्हापासून काहीच नाही, मीटरचा दिवा नाही, हॉर्न नाही, स्टार्टरचा साधा टिक पण नाही. सकाळी उघडून पाहिलं तर 20 अँपिअरचा मेन फ्यूज उडालेला, आतली पट्टी वितळून काच काळी झाल्यासारखी दिसते. शेजारीच स्पेअर होता तो टाकला तर किल्ली बंद असताना, नुसता आत दाबताक्षणी तो पण गेला. गाडी फ्युएल इंजेक्शनची आहे. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला का? मित्र म्हणतो 30 चा टाकून बघ. काल रात्रीपासून झोप नाही, याच गाडीने रोज कामावर जातो.

प्रतिसाद १
30 चा अजिबात टाकू नका, आणि वायरचा तुकडा किंवा चांदीचा चमकी कागद तर नाहीच नाही. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी थेट शॉर्ट आहे, मोठा फ्यूज टाकला की तोच करंट हार्नेसमधून (गाडीच्या वायरींच्या जुडग्यातून) जाणार आणि मग वायरिंगच पेटेल, आत्ता जे एका पार्टवर भागेल ते अख्ख्या गाडीवर येईल.
एक सांगा, केबल लावताना किल्ली ऑन होती की ऑफ? यावर बरंच काही ठरतं.

प्रतिसाद २
माझ्या मते ईसीयूच गेला असणार. उलटा करंट इलेक्ट्रॉनिक्सला सहन होत नाही. खर्चाची तयारी ठेवा.

धागाकर्ता
किल्ली ऑफ होती, नक्की. आधी केबल लावायच्या आणि मग किल्ली फिरवायची असं ठरलं होतं.

प्रतिसाद ३
मग ईसीयूवर एवढ्यात फुली मारू नका. बऱ्याच गाड्यांत ईसीयूला मुख्य सप्लाय किल्ली फिरवल्यावरच मिळतो. तुमचा फ्यूज किल्ली बंद असताना उडतोय, म्हणजे शॉर्ट अशा पार्टमध्ये आहे जो कायम बॅटरीला जोडलेला असतो आणि अशा जागी पहिला संशय रेग्युलेटर-रेक्टिफायरवर, ज्याला आपण आरआर म्हणतो, इंजिनावर तयार होणारा एसी करंट डीसी करून बॅटरी चार्ज करणारा, बाहेरून पंख असलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. त्याच्या आत डायोड असतात. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार, बॅटरी सरळ जोडलेली असली की बंद. उलटी जोडली की तेच दार सताड उघडतं, प्लसपासून मायनसपर्यंत अडवायला काहीच उरत नाही आणि जेवढा करंट मिळेल तेवढा त्यातून धावतो. फ्यूज वेळेत उडाला तर डायोड वाचतात, नाहीतर आतच चिकटून कायमचे शॉर्ट होतात. तुमच्याकडे दुसरं झालेलं दिसतंय, जळका वासही बहुतेक तिथलाच.

आता फ्यूज वाया घालवू नका. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावा आणि फ्यूजच्या जागी तो जोडा. बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर आधी चार्ज करा नाहीतर बल्ब नीट पेटणारच नाही. किल्ली बंद ठेवा. बल्ब भगभगीत पेटला तर शॉर्ट आहे, पण बल्ब मध्ये असल्यामुळे जेमतेम पावणेदोन अँपिअरच जाणार, काही जळणार नाही. मग आरआरचा कनेक्टर काढा. बल्ब विझला की चोर सापडला. नाही विझला तर बल्ब तसाच ठेवून बाकीचे कनेक्टर एकेक करून काढत जा, ज्याला विझेल तिथे शॉर्ट. शॉर्ट सुटल्यावर किल्ली ऑन केली आणि बल्ब पेटला तर घाबरू नका, तेव्हा लोड असतोच.

आरआर तीन पिवळ्या वायरींचा असेल तर मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून प्रत्येक पिवळी ते प्लस आणि प्रत्येक पिवळी ते मायनस, प्रोब अदलाबदल करून दोन्ही बाजूंनी बघा. एका बाजूला साधारण 0.4 ते 0.7 व्होल्ट, दुसऱ्या बाजूला काहीच नको. दोन्हीकडे शून्य आलं की तो गेला.

प्रतिसाद १
बल्बची युक्ती फारच भारी, मीही तेच सांगणार होतो. त्यात एवढंच घालतो, आरआर काढून ठेवलात तर इंजिन चालू करत बसू नका, स्टेटरच्या (इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या) उघड्या टोकांवर एसी व्होल्टेज बरंच येतं, हात लागला तर झटका बसेल. आणि बॅटरी काढून तर इंजिन कधीच चालवू नका, मग खरंच ईसीयू जाईल.

धागाकर्ता (दोन दिवसांनी)
बल्ब जोडला, फटकन पूर्ण उजेड. आरआरचा प्लग ओढला आणि बल्ब त्याच क्षणी विझला, खरं सांगतो हात थरथरत होते. मल्टिमीटरवर दोन पिवळ्या वायरींना दोन्ही बाजूंनी 0.00. मग आरआर काढूनच ठेवून फ्यूज टाकला, टिकला! किल्ली फिरवली, मीटर लागला, फ्युएल पंपाचा तो 'झूंऽऽ' आवाज आला आणि इंजेक्शनचा दिवा दोन सेकंदांनी विझला, म्हणजे ईसीयू जिवंत आहे. बॅटरी मात्र 10.9 व्होल्ट दाखवते. ती पण बदलायची का?

प्रतिसाद ३
आधी काढून सावकाश चार्ज करा, 8 एएच (अँपिअर-अवर) असेल तर 0.8 अँपिअरच्या आसपास. मग चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवा, सकाळी 12.6 च्या वर राहिली तर ठीक, पुन्हा 11 च्या आत आली तर सेल गेलाय. नवा आरआर लावायच्या आधी स्टेटरही बघा, तीन पिवळ्या एकमेकींत एक ओहमच्या आत आणि बॉडीशी अजिबात कंटिन्युइटी (जोडणी) नको.

धागाकर्ता
स्टेटर ठीक निघाला. बॅटरी रात्रभरानंतर 12.7. नवा आरआर बसवला, 5000 आरपीएमला बॅटरीवर 14.2 येतात, हेडलाइट लावूनसुद्धा. आज गाडीनेच कामावर गेलो. जुन्या केबल कापून टाकल्या, नव्याच्या प्लसच्या दोन्ही टोकांना लाल टेपचे जाड वेढे मारलेत, बोटाने चाचपूनही कळेल असे. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.