लता मंगेशकरांचे पहिले गाणे: कार्यक्रमासाठी विचारणा

सप्रेम नमस्कार,

सप्टेंबरमध्ये लतादीदींच्या जयंतीनिमित्त होणाऱ्या कार्यक्रमाची सुरुवात त्यांच्या पहिल्या गाण्याने करावी, असा समितीचा विचार आहे. काही सभासदांनी ‘नटली चैत्राची नवलाई’ सुचवले आहे, तर काहींच्या मते पहिले गाणे हिंदी होते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सांस्कृतिक समितीच्या वतीने

*

उत्तर: लता मंगेशकरांचे पहिले गाणे

समितीस सप्रेम नमस्कार,

पहिले गाणे या दोहोंहून वेगळे आहे. वसंत जोगळेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘किती हसाल’ या १९४२ सालच्या मराठी चित्रपटासाठी सदाशिवराव नेवरेकर यांनी ‘नाचू या गडे, खेळू सारी, मनी हौस भारी’ हे गाणे बारा वर्षांच्या लताकडून गाऊन घेतले. आपल्या मुलीने चित्रपटात गावे, हे मास्टर दीनानाथांना पसंत नव्हते. तरीही ध्वनिमुद्रण झाले, परंतु चित्रपट पडद्यावर आला तेव्हा हे गाणे त्यातून वगळलेले होते, आणि म्हणून ते रसिकांपर्यंत कधी पोहोचलेच नाही.

त्याच वर्षी २४ एप्रिलला पुण्यात दीनानाथांचे निधन झाले. वडिलांच्या नापसंतीमुळे जी वाट बंद राहिली असती, तीच आता थोरल्या लेकीला घर चालवण्यासाठी धरावी लागली, हे मला या साऱ्या हकिगतीत सर्वांत व्याकूळ करणारे वाटते. मास्टर विनायकांनी तिला ‘पहिली मंगळागौर’मध्ये छोटी भूमिका दिली, ‘नटली चैत्राची नवलाई’ हे दादा चांदेकरांनी स्वरबद्ध केलेले गाणे त्याच चित्रपटातले. हिंदीचा आग्रह धरणाऱ्यांच्या मनात बहुधा ‘माता एक सपूत की दुनिया बदल दे तू’ असावे. ते गाणे ‘गजाभाऊ’ या १९४३ सालच्या मराठी चित्रपटातले आहे.

तेव्हा निवेदनात ‘नाचू या गडे’चा उल्लेख नेवरेकरांच्या नावासह आवर्जून व्हावा आणि त्यानंतर ‘नटली चैत्राची नवलाई’ सादर करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मात्र त्याला पहिले गाणे म्हणू नये. वेळ असल्यास ‘आप की सेवा में’ या चित्रपटातले, दत्ता डावजेकरांनी स्वरबद्ध केलेले ‘पा लागूं कर जोरी’ही घ्यावे, कारण त्या चित्रपटाचे दिग्दर्शकही वसंत जोगळेकरच होते.

आपला स्नेहांकित,
मंडळाचा एक जुना सभासद