शब्दचर्चा: ब्लेडची ‘उघडी धार’ की आणखी काही?

प्रश्न

दाढीच्या रेझरच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद तपासते आहे. त्यात वाक्य आहे, ‘या रेझरमध्ये ब्लेडची धार दोन्ही बाजूंनी उघडी आहे.’ शेजारच्या चित्रात मात्र ब्लेडवर बसणाऱ्या टोपीच्या डाव्या-उजव्या अंगाला ब्लेडचा जेमतेम तीन-तीन मिलिमीटर पत्रा बाहेर आलेला दिसतो. दुसऱ्या रेझरची टोपी लांब आहे, त्यात तो पूर्ण झाकला जातो. फरक एवढाच. ‘उघडी धार’ वाचून गिऱ्हाईक तो रेझर घेणारच नाही. या भागाला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद 1

ताई, तिथे धार नसतेच. दुधारी ब्लेड हातात घेऊन बघा. लांबी सुमारे 43 मिलिमीटर, रुंदी 22, जाडी 0.1. धार फक्त दोन लांब कडांना, आणि तीही सुमारे 37 मिलिमीटरच. दोन्ही टोकांना जो अरुंद भाग उरतो त्याला धार लावलेली नसते.

मी त्याला ‘कान’ म्हणतो. कढईचे कान धरून आपण ती चुलीवरून उतरवतो. रेझरमध्येही टोपी, ब्लेड आणि ब्लेडखालची बैठक एकावर एक ठेवून मुठीचे आटे आवळताना हे कान चिमटीत धरले की ब्लेड सरळ बसतं. ते तिरपं बसलं तर एका बाजूला धार जास्त बाहेर येते आणि नेमकी हनुवटीवर लागते.

या कानांचा इतिहासही सांगतो. किंग कॅम्प जिलेट यांना त्यांच्या रेझरचं पेटंट 1904 साली मिळालं. पुढे 1930 मध्ये जिलेट कंपनीने नव्या बनावटीचा रेझर आणला आणि त्याच्या ब्लेडचे चारही कोपरे कापून टाकले. रेझर हातातून पडला की डोक्याचा कोपरा वाकायचा, त्याच्याबरोबर तिथली धार वर-खाली व्हायची आणि दाढी ओढल्यासारखी व्हायची. कोपऱ्यात धारच ठेवली नाही तर हा त्रास कसा होणार? चार कोपरे गेल्यावर टोकांना मधोमध जो पत्रा उरला, ते हे कान.

‘धार’ शब्द मात्र जपून वापरायला हवा. वस्तऱ्याशी त्याचं नातं फार जुनं आहे, कठोपनिषदात ‘क्षुरस्य धारा’ आहे. जे कापतं तीच धार. रेझरच्या बाबतीत ‘उघडं’ म्हणण्यासारख्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. टोपी आणि बैठक यांच्यामधून धार किती पुढे येते, ही पहिली. दाढी किती जोरकस होणार हे बरंचसं तिच्यावर ठरतं. बैठकीची कड अखंड पट्टीची आहे की कंगव्यासारखी दातेरी, ही दुसरी. तिसरी म्हणजे कान बाहेर आहेत की टोपीखाली. तुमच्या अनुवादकाने तिसऱ्या गोष्टीला पहिलीचं नाव दिलं. मी लिहिलं असतं, ‘ब्लेडचे कान बाहेर राहतात.’

प्रतिसाद 2

आमच्याकडे नागपुरात दुकानात ‘पत्ती’ मागतात, तुम्ही ‘ब्लेड’ म्हणता, आजोबा ‘पातं’ म्हणायचे. गंमत अशी की तिन्ही शब्दांच्या मुळाशी पान आहे. पत्ती आणि पातं संस्कृत ‘पत्र’वरून आले, आणि ‘ब्लेड’चा जर्मन भाऊबंद ‘ब्लाट’, त्याचाही अर्थ पान. गवताचं पातं म्हणतो ते उगाच नाही. पातं नपुंसकलिंगी, म्हणूनच बहुधा मराठीत ब्लेडही ‘ते ब्लेड’ झालं.

प्रतिसाद 3

माझे वडील सलून चालवायचे. कागदासकट ब्लेड लांबीत दुमडायचे, कट्‌ आवाज व्हायचा आणि दोन अर्धी पाती हातात. मग अर्धं पातं टोकाला धरून वस्तऱ्याच्या खाचेत सरकवायचे, बोट धारेकडे जायचंच नाही. मला शिकवताना एवढंच म्हणाले, ‘कडेला धर.’ मी लांब कड धरली आणि अंगठा कापून घेतला. त्या भागाला वेगळं नाव असतं तर ते आधी तेच उच्चारले असते. त्यामुळे ‘कड’ आणि ‘बाजू’ हे दोन्ही शब्द या कामाला नकोत, असं मला मनापासून वाटतं.

‘कान’ला मात्र एक अडचण आहे. दाढी कानापर्यंत करायची असते. पत्रकात पुढे ‘कानाखालून हात फिरवताना जपा’ असं वाक्य आलं तर वाचणारा अडेल. ‘टोकं’ चालणार नाही का?

प्रतिसाद 1 (पुन्हा)

अडचण खरी आहे. पण ‘टोक’ म्हटलं की सुईचं, पेन्सिलीचं, म्हणजे टोचणारं काहीतरी डोळ्यापुढे येतं, आणि इथे टोचणारं काहीच नाही. दरवेळी ‘ब्लेडचे कान’ असा जोडून वापर केला तर माणसाच्या कानाशी गल्लत होणार नाही.

एक गोष्ट नक्की लिहा. कानांना धार नसली तरी पातळ पोलाद ते पोलादच. ओल्या हाताने आटे सैल करताना बोटं घसरली तर ओरखडा उठतो. झाकलेल्या कानांच्या रेझरमध्ये ही भीती नाही, डोकं बिनधास्त मुठीत धरता येतं. त्या बदल्यात डोकं रुंद होतं आणि नाकाखाली, मिशीच्या कडेला, ते पुरतं पोचत नाही. मिशी राखणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो. ‘झाकलेले’ लिहिताना वरच्या भागाला ‘झाकण’ म्हणू नका, ‘टोपी’च ठेवा, नाहीतर ‘झाकणाने झाकलेले’ असं होईल.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. वाक्य असं बदललं आहे: ‘या रेझरमध्ये ब्लेडचे बिनधारेचे कान टोपीच्या दोन्ही अंगांना बाहेर राहतात. ब्लेड बसवताना ते चिमटीत धरून सरळ करा, मगच आटे आवळा. ब्लेड काढताना हात कोरडे ठेवा.’ दुसऱ्या रेझरसाठी ‘ब्लेडचे कान टोपीखाली झाकलेले’ ठेवते आहे.