रांग चुकवायचे पैसे: थीम पार्कांचं हे बरोबर आहे का?

कडेकडेने
मोठ्या थीम पार्कांवर काट मारावी, अशा मताला मी आले आहे. महागाईबद्दल रडणार नाही, ती सगळीकडेच आहे. माझा राग आहे तो रांग विकण्यावर.

डिस्नीने 1999 मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, मधल्या वेळात दुसरं काही बघायचं आणि चिठ्ठीवरच्या वेळेला परत येऊन छोट्या रांगेतून राइडवर जायचं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पार्कांत तो बंद झाला आणि पैसे भरून पुढे जायची रांग, लाइटनिंग लेन, आली. युनिव्हर्सल या दुसऱ्या पार्क कंपनीचा रांग चुकवायचा एक्सप्रेस पास तर कितीतरी वर्षं विकतच मिळतो. म्हणजे तिकीट काढून आत आलेल्या माणसांत पुन्हा दोन वर्ग.

राइडवर तासाला जेवढी माणसं बसायची तेवढीच बसणार. पैसे भरलेला एक जण पुढे घुसला की साध्या रांगेतल्या सगळ्यांचा नंबर एकाने मागे जातो. कंपनी त्याच्यासाठी वेगळी गाडी सोडत नाही. माझा वेळ उचलते, त्याला विकते, आणि पैसे स्वतः ठेवते. हे पटतं का कोणाला?

हिशेबनीस
मला पटतं. पैशाप्रमाणे मजा, हे पहिल्या वर्षापासूनच आहे. 1955 मध्ये डिस्नीलँड उघडलं तेव्हा मोठ्यांना प्रवेश 1 डॉलर होता, असं लोक उसासे टाकत सांगतात. आत प्रत्येक राइडचे वेगळे पैसे पडायचे, ते मात्र सांगत नाहीत. त्याच वर्षी कूपनांची पुस्तकं निघाली. 1959 मध्ये 'ई' तिकीट आलं, सगळ्यात भारी राइडसाठी सगळ्यात महाग. 1982 पर्यंत हाच कारभार होता. आता एका तिकिटात सगळ्या राइड मिळतात, हे कोणी मोजतच नाही.

कडेकडेने
अहो, हे तर माझ्याच बाजूचं झालं! 'ई' तिकीटवाला जास्त पैसे द्यायचा, पण रांगेत सगळ्यांच्या मागेच उभा राहायचा. त्याच्या पैशाने माझी रांग लांबत नव्हती.

एकदा_तरी
मी पैसे भरते आणि मला काही लाज वाटत नाही. रजा मोजकी, प्रवास लांबचा, मुलं लहान असतात ती वर्षं थोडी. त्यातले तीन तास रेलिंगला टेकून घालवू का? नाही जमत त्यांनी नका भरू. (हलके घ्या.)

रांगोबा
कडेकडेने, तुम्ही फुकटच्या फास्टपासला उगाच देव्हाऱ्यात बसवताय. खरी गोची तिथूनच सुरू झाली.

पूर्वी माणूस एका वेळी एकाच रांगेत असायचा. हातात चिठ्ठी आल्यावर तो चिठ्ठीने एका रांगेत आणि अंगाने दुसऱ्या रांगेत उभा राहायला लागला. मधला वेळ तो बाकावर थोडाच काढणार? शेजारच्या राइडला जाणार. त्यामुळे जिथे कधी फारसं थांबावं लागत नव्हतं तिथेही रांगा लागल्या. हाँटेड मॅन्शनसारख्या राइडमध्ये गाड्यांची साखळी न थांबता फिरत असते, तासाला दोन हजारांच्या वर माणसं सहज जातात. अशी रांग लांब दिसली तरी पाय सतत पुढे पडत असतात. तिच्यात मधूनच पासवाल्यांचा लोंढा सोडला की साधी रांग जागच्या जागी थिजते.

आणि तो फुकटचा पास मिळायचा कोणाला? ज्यांना युक्त्या माहीत, जे गेट उघडताच पळत सुटायचे, त्यांना. पहिल्यांदा आलेला बिचारा दुपारी यंत्रापाशी जायचा तेव्हा पास संपलेले. तेव्हा माहितगारांची चंगळ होती, आता पैसेवाल्यांची आहे.

रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिणाऱ्या डेव्हिड मायस्टर यांनी 1985 मध्येच लिहून ठेवलंय की रांग न्यायाची वाटली नाही तर तोच वेळ जास्त लांब वाटतो. आपल्या डोळ्यांदेखत दुसरा पुढे जातो, यासारखं चिडवणारं काही नाही. माझं म्हणणं, चिठ्ठी नको नि पास नको, सगळ्यांना एकच रांग.

सातवी_ब
+1. बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

हिशेबनीस
एकच रांग म्हणजे सगळ्यांना सारखाच त्रास, एवढंच. गर्दी मुळातच पांगवायची तर किंमत हेच हत्यार. डिस्नीलँडने 2016 पासून दिवसाप्रमाणे दर लावले. सगळ्यात स्वस्त दिवसाचं तिकीट 2019 पासून कित्येक वर्षं 104 डॉलरच राहिलं. सगळ्यात महाग दिवसाचं ऑक्टोबर 2024 मध्ये 206 वर गेलं. बातम्या दोनशेच्या झाल्या, 104 ची झाली का? गर्दी नसलेल्या मंगळवारी जा की.

शाळामास्तर
मंगळवारी मी वर्गात असतो आणि तुमची मुलंही वर्गात असतात. शाळेच्या सुट्ट्या आईबाप ठरवत नाहीत. ज्याला तारीख हलवता येते तो स्वस्तात जातो, ज्याला येत नाही त्याच्याकडून दामदुप्पट घेतात. वर त्याच दिवशी गर्दीही सगळ्यात जास्त असते, म्हणजे त्याला पास घेणंही भाग पडतं. एकाच खिशात दोनदा हात. गर्दी पांगवायला हे चाललंय असं मला तरी दिसत नाही.

एकदा_तरी
भांडण चालू द्या, जाणाऱ्यांनी एवढं करा. गेट उघडायच्या आधी पोचा, पहिला तास सोन्याचा. एकेकटं बसायची तयारी असेल तर सिंगल रायडरची रांग बघा. तान्हं बाळ असेल तर आईवडिलांनी आळीपाळीने बसायची सोय मागा, दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. आणि सगळं बघायचा हट्ट सोडा, चार राइड झाल्या तरी दिवस झाला.

कडेकडेने
सल्ले चांगले आहेत, पण हे सगळे करायला लागले की पहिला तासही गेला.

गर्दीवर खरा उपाय म्हणजे आत माणसंच कमी घेणं. करोनाच्या बंदनंतर 2020 मध्ये फ्लोरिडाची डिस्नी पार्कं उघडली तेव्हा आधी दिवस राखून ठेवल्याशिवाय प्रवेश नव्हता. करता येतं, हे तेव्हा दिसलं.

हिशेबनीस
म्हणजे तिकिटं कमी. मग उरलेली मिळणार कोणाला? जास्त पैसेवाल्याला, नाहीतर आधी क्लिक करणाऱ्याला. की गेटावर सोडत काढणार?

कडेकडेने
सोडत चालेल मला. टोकियोच्या डिस्नी पार्कांत काही शोंच्या जागा अशाच सोडतीने देतात. त्यात निदान कोणाचा खिसा बघत नाहीत.

एकदा_तरी
शो हुकला तर ठीक आहे. विमानाची तिकिटं काढून, वर्षभर मुलांना सांगून ठेवून मग गेटावर नंबर लागला नाही तर? नको गं बाई. त्यापेक्षा तू नावं ठेवतेस ती विकतची रांग बरी.