महालक्ष्मीचं जेवण आणि आपण ख्रिस्ती: जावं की जाऊ नये?

मोहननगरकर

उपासनेनंतर आमच्या तरुण संघात जो वाद झाला तो इथे मांडतो. भाद्रपदात नागपुरात घरोघरी महालक्ष्म्या बसतात. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजा आणि पंगत, तिसऱ्या दिवशी विसर्जन. शेजारी आग्रहानं जेवायला बोलावतात. संघातले निम्मे म्हणतात, नैवेद्य दाखवलेलं अन्न ख्रिस्ती माणसानं खाऊ नये. मी म्हणतो, जावं आणि पोटभर जेवावं.

प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा तिथेही हाच पेच होता. बाजारातलं बरंचसं मांस देवळातून आलेलं असायचं. पौल सांगतो, अन्नामुळे आपण देवाच्या जवळ जात नाही की लांब जात नाही. बाहेरच्या कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर जे वाढतील ते चौकशी न करता खा (१ करिंथ १०:२७). आणखी काय स्पष्ट हवंय?

मी आरतीच्या वेळी मागे उभा राहतो. हात जोडत नाही, तीर्थ घेत नाही. पानावर मात्र बसतो आणि आंबील मागून घेतो. माझी आई मेयोत भरती होती तेव्हा रात्री डबा घेऊन आलेली हीच शेजारीण. तिच्या ताटाला नाही म्हणून मी कुठल्या प्रभूची साक्ष देणार?

वचनावर_उभा

दादा, सत्ताविसाव्या वचनावर थांबलात, अठ्ठाविसावं कोण वाचणार? ‘हे अर्पण केलेलं आहे’ असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, हेही पौलानंच लिहिलंय. महालक्ष्मीच्या घरी हे वेगळं सांगावं लागतं का? समोर मुखवटे मांडलेले, वर फुलोरा टांगलेला, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय पान वाढत नाहीत. चौकशी न करता खायला अन्न कुठून आलं ते माहीत तरी नसावं लागतं! यरुशलेमच्या सभेनं परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना मोजक्याच गोष्टी वर्ज्य करायला सांगितल्या (प्रेषित १५), त्यात मूर्तीला अर्पण केलेलं अन्न पहिलं. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात पर्गम आणि थुवतीराच्या मंडळ्यांना याचसाठी बोल लावलाय.

आमच्या घरगुती प्रार्थनेला एक कुटुंब येतं. त्यांनी घरचे देव सोडले तेव्हा सख्ख्या भावानं उंबरा बंद केला. त्यांनी तुम्हाला पंगतीत पाहिलं तर काय वाटेल? ‘आपण उगाच भावाला तोडलं’, हेच ना? ज्याचा विश्वास अजून कच्चा आहे अशा दुर्बळ भावाची गोष्ट पौल आठव्या अध्यायात करतो ती अशाच माणसासाठी.

मोहननगरकर

आठव्या अध्यायात पौल देवळात पंगतीला बसण्याबद्दल बोलतोय. मी शेजाऱ्याच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसतो. दुर्बळ भावाचं नाव घेऊन तर काहीही बंद करता येईल. उद्या म्हणाल दिवाळीची चकली नको, परवा म्हणाल संक्रांतीचा तिळगूळ नको. मग आपण नागपुरात राहतो कशाला?

धरमपेठची_वहिनी

मी हिंदू. तुमच्या वादात पडू नये खरं तर, पण ज्या ताटावरून वाद चाललाय ते आम्ही वाढतो, म्हणून लिहिते. आमच्याकडे सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, वडे, पंचामृत असा थाट असतो आणि बायका पहाटे चारला उठलेल्या असतात. येणार नसाल तर नाही येत म्हणून आधी सांगा. राग येत नाही. ‘येतो येतो’ म्हणून न येणाऱ्यांचा येतो.

आमच्या शेजारच्या ख्रिस्ती काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा मी सवयीनं करंडा घेऊन पुढे झाले. त्यांनी माझं मनगट हलकेच धरलं आणि म्हणाल्या, ‘कुंकू नको गं, गजरा दे.’ मी गजरा दिला. सवाष्ण म्हणून मी त्यांना सांगत नाही, त्यांनाही ते नकोच असतं. त्या येतात, जेवतात, वाटीभर आंबील घरी नेतात. नाताळात त्यांचा केक माझ्या सासूबाईंना चालत नाही, त्यात अंडं असतं. मग काकू करंज्या आणि शेव वेगळी पाठवतात. दोन्हीकडून नाही म्हणून झालंय आणि दोन्हीकडून चाललंय.

दीक्षाभूमी_रोड

आमच्या बौद्ध घरात बी हाच झगडा हाये, म्हणून लिहून रायलो. १४ ऑक्टोबर १९५६ ले बाबासाहेबांनी याच नागपुरात बावीस प्रतिज्ञा देल्या. त्यातली तिसरी सरळ गौरी-गणपतीले मानणार नाही म्हणून हाये. माही आजी मरेपर्यंत कोणाच्या महालक्ष्मीले जेवाले गेली नाही. बाप जाते. मी कधी जातो, कधी नाही.

पण मोहननगरकर भाऊ, तुम्ही न जाणाऱ्याले कोत्या मनाचा ठरवून रायले ते काही पटलं नाही. माह्या आजीले लहानपणी त्याच पंगतीच्या बाहेर बसवत. पंगत उठल्यावर उरलंसुरलं वरतून पदरात टाकत. तिनं ते अन्न सोडलं तं ते द्वेषानं नाही, इज्जतीनं सोडलं. तुमच्या मंडळीतबी अशा घरातून आलेले लोक असतीलच ना? त्यायले ‘जा, पोटभर जेव’ म्हणणं सोपं हाये राजा. पुरणाचा वास आला की त्यायले काय आठवते ते तुम्हाले काय माहीत!

सदरची_टीचर

दीक्षाभूमी_रोड, हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

माझं थोडं वेगळं आहे. मी कॅथलिक. महालक्ष्मीचं जेवण वर्षातून एकदा येतं, कामवाली बाई रोज येते. तिला रविवारी सुट्टी नाही, कारण ‘मिस्सावरून (चर्चमधल्या उपासनेवरून) आल्यावर भांडी कोण घासणार?’ मुलाच्या लग्नात जातीची चौकशी करणारे ख्रिस्ती मी डझनानं दाखवीन, आणि त्यांतले कित्येक नैवेद्याच्या बाबतीत अत्यंत कडक. ताटावर विश्वास तपासणं सोपं पडतं, बाकी जागा अडचणीच्या.

वचनावर_उभा

टीचर, कामवालीला सुट्टी द्यायलाच हवी. आम्ही देतो. म्हणून नैवेद्य खावा असं कुठे होतं? एका चुकीनं दुसरी माफ होत नाही.

जुना_हिस्लॉपियन

ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांना नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेत. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, कीर्तन थेट मंडळीत आणलं. मोहननगरकरांच्या बाजूचे लोक त्यांचं नाव फार घेतात. पण टिळकांनी घेतलं ते गाणं आणि बोली. पूजा घेतली नाही. म्हणून माझा कौल वचनावर_उभा यांच्याकडे, मात्र त्यांच्या कडकपणासकट नाही.

माझा मार्ग सांगतो. पूजेच्या आदल्या संध्याकाळी शेजारी जा. सोळा भाज्या निवडायच्या-चिरायच्या असतात, पडवळ नि घोसाळी सोलायची असतात. बसा विळीपाशी. दुसऱ्या दिवशी जेवायला येत नाही म्हणून तिथेच सांगा.

आणि एकमेकांना ‘बाटलेला’, ‘कर्मठ’ म्हणणं आवरा. २९ नोव्हेंबर १९७० ला याच शहरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्याला, एवढ्या मोठ्या प्रश्नावर मतं वेगळी होती. दोन्ही रीती ठेवल्या. इथे तर नुसत्या ताटाचा प्रश्न आहे.

मोहननगरकर

भाज्या चिरायच्या आणि पानावर बसायला नाही म्हणायचं? काका, याला आमच्या गल्लीत अपमान म्हणतात.

दीक्षाभूमी_रोड भाऊ, ज्याची अशी आठवण आहे त्यानं जाऊ नये, आणि मंडळीनं त्याला जा म्हणू नये. पण ज्याला अशी आठवण नाही, जो फक्त पाळकसाहेब काय म्हणतील या धाकानं घरी बसतो, त्याचं बसणं मी विश्वास समजत नाही.

धरमपेठची_वहिनी

हिस्लॉपियन काका, आमच्याकडे कुणी पडवळ सोलून दिलं तर अपमान वगैरे काही वाटत नाही हो. पाठवा.

वचनावर_उभा

दादा, एकच विचारतो. तुमची मुलगी पाच-सहा वर्षांची असेल. तुम्ही मागे हात बांधून उभे, आणि ती पुढे जाऊन आरतीत टाळ्या वाजवतेय. काय कराल?

मोहननगरकर

वाजवू देईन. घरी आल्यावर विचारेल की बाबा तुम्ही का नाही वाजवल्या. तेव्हा सांगेन. प्रभूबद्दल तिनं आपणहून विचारावं अशी वेळ वर्षात किती येते? संडे स्कूलमध्ये तर सगळं आम्हीच सांगतो.

वचनावर_उभा

आणि ती म्हणाली, मला टाळ्याच वाजवायच्यात, तर?

मोहननगरकर

तर माझ्या घरात वर्षभर काय दिसतं ते मला तपासावं लागेल. शेजार तोडून ते सुटणार नाही.

वचनावर_उभा

शेजार तोडायला कुणी सांगितलं? मी रोज त्यांच्याकडे चहा पितो. जेवणाला नाही म्हणतो, कारण विचारलं तर कारणही सांगतो. तीही साक्षच आहे, आणि ती मुलीला समजावून सांगायला घरी येईपर्यंत थांबावं लागत नाही.