बाभळीसाठी चेनसॉची चेन कोणती घ्यावी, आणि बार १८ इंची ठेवावा की २२ इंची?

प्रश्न (इंदूर)

महूच्या अलीकडे आमचा लहानसा मळा आहे. बांधावर वाळलेल्या बाभळी आहेत आणि पावसाळ्यात उन्मळून पडलेले आंब्याचे एक जाड खोड आहे. त्यांचे ओंडके करण्यासाठी ५८ सीसीचा पेट्रोल चेनसॉ घेतला. मोठा बार असला की मोठे काम होते, असे विक्रेत्याने सांगितल्यामुळे २२ इंची बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी, घेतला. सोबत आलेली चेन बाभळीवर फार लवकर बोथट झाली, म्हणून सियागंजातील एका दुकानातून ‘सगळ्यांना बसते’ म्हणून दिलेली दुसरी चेन आणली. ती बसली खरी, पण काप सरळ न जाता एका बाजूला वळतो. चेन कोणत्या प्रकारची घ्यावी, आणि हा बार ठेवावा की लहान घ्यावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

‘सगळ्यांना बसते’ अशी चेन नसते. बार आणि चेन यांची जोडी तीन आकड्यांवर ठरते आणि ते बहुधा बारच्या मशीनकडील टोकाजवळ कोरलेले असतात. तेथे तेल आणि भुसा यांचा थर असतो, तो पुसून पाहावा.

पहिला आकडा पिचचा, म्हणजे चेनच्या कड्यांमधील अंतराचा. चेनवरील लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या रिव्हेटमधील अंतर मोजून निम्मे करावे. सुमारे ८.२५ मिलिमीटर आले तर ती .३२५ इंची चेन, आणि ९.३ मिलिमीटर आले तर ३/८ इंची. फरक जेमतेम एक मिलिमीटरचा असल्याने तो नुसत्या नजरेने ठरवू नये. पिच तीन ठिकाणी जुळावा लागतो: चेनवर, मशीनच्या स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) आणि बारच्या टोकाच्या चाकावर.

दुसरा आकडा गेजचा, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या खालच्या दातांच्या जाडीचा. तो १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असतो. तिसरा आकडा त्या खालच्या दातांच्या संख्येचा, ज्यांना दुकानात ड्राइव्ह लिंक म्हणतात. इंचांवरून चेन मागण्यापेक्षा हे तीन आकडे कागदावर लिहून न्यावेत.

तुमच्या तक्रारीवरून मला गेजचीच शंका येते. चेन बारवर ताणून बसवा आणि बोटाने आडवी ढकलून पाहा. ती खाचेत कलती होत असेल, तर पातळ चेन रुंद खाचेत घातली गेली आहे. अशी चेन धार कितीही चांगली असली तरी तिरकीच कापते. हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी आणि जाड हातमोजे घालावेत.

प्रश्नकर्ता

आपण सांगितल्याप्रमाणे बार पुसून पाहिला. त्यावर २२ इंच, .३२५, .०५८ आणि ८६ असे कोरलेले आहे. सियागंजातून आणलेल्या चेनचे खालचे दात व्हर्निअरने मोजले, तर ते १.३ मिलिमीटर भरले.

उत्तर २

मग वाकड्या कापाचे कारण सापडले, कारण .०५८ इंच म्हणजे १.५ मिलिमीटर. ती चेन परत करावी.

आता कापणाऱ्या दातांच्या आकाराविषयी. फुल चिझल प्रकारच्या चेनच्या दाताचा कोपरा काटकोनी असतो. स्वच्छ, ओल्या लाकडात ती झपाट्याने कापते, पण मातीचा कण लागला की तो टोकदार कोपराच आधी जातो. सेमी चिझलचा कोपरा गोलसर असल्याने ती थोडी सावकाश चालते, मात्र धार बराच वेळ टिकते. माळव्याची काळी माती सालीच्या भेगांत सुकून बसते आणि जमिनीवर ओढलेल्या ओंडक्याला तर ती चिकटलेलीच असते. त्यात तुमची बाभूळ वाळलेली. त्यामुळे माझे मत सरळ सेमी चिझलचे आहे. दुकानदार वेगाची बढाई मारील, तिकडे लक्ष देऊ नये. तरीही कापायच्या रेषेवरील साल कुऱ्हाडीने आधी तासून घ्यावीच.

बार मी १८ इंचीच घेईन. ८६ लिंकांच्या चेनवर कापणारे दात ४३ असतात, तर .३२५ च्या १८ इंची बारवर साधारणपणे ७२ लिंका आणि ३६ दात असतात. कठीण लाकडात पूर्ण लांबीचा बार रुतवला की तेवढे जास्त दात एकाच वेळी ओढण्याचा भार त्याच इंजिनावर पडतो, वेग उतरतो आणि मग माणूस मशीनवर रेटा देऊ लागतो. पंपाचे तेलही तेवढेच, पण पसरायचे मात्र अधिक लांबीवर. खोड जाड असले तर दोन्ही बाजूंनी कापता येते, त्यामुळे १८ इंची बारने त्याहून बऱ्याच जाड खोडाचेही तुकडे होतात. नवा बार घेताना त्याची बसणी आणि तेलाचे भोक तुमच्या मशीनशी जुळते का, हे जुना बार सोबत नेऊन ताडून पाहावे.

प्रश्नकर्ता

फार उपयोगी माहिती मिळाली. आंब्याच्या खोडाच्या फळ्या याच मशीनने काढता येतील का? आणि धार घरी लावता येईल का?

उत्तर ३

फळ्यांसाठी उभा चिरा घ्यावा लागतो. त्याकरिता रिपिंग चेन वेगळी मिळते. आडव्या कापाच्या चेनवर दाताच्या वरच्या पात्याचा कोन सुमारे ३० अंश असतो, तर हिच्यावर साधारण १० अंश. ५८ सीसीवर एखाददुसरी अरुंद फळी निघेल, पण जाड खोडाच्या पूर्ण रुंदीच्या फळ्या काढायच्या तर इंजिन तापून जाईल. ते खोड आरा मशीनवर नेणेच परवडेल.

धार घरी अवश्य लावावी. .३२५ साठी ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. ती आतून बाहेर, एकाच दिशेने चालवावी आणि प्रत्येक दातावर सारखेच घाव द्यावेत. एका बाजूचे दात आखूड झाले तर बरोबर गेजची चेनही वळू लागते. दातापुढील उंचवटा, म्हणजे रेकर, दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. धार लावताना दात झिजून खाली येतो आणि रेकर मात्र तसाच राहतो, म्हणून अधूनमधून तो सपाट कानशीने उतरवावा लागतो. हौसेने जास्त उतरवू नये. तसे केल्यास चेन हिसके देते आणि बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर मशीन उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. ओंडक्यातून चिपाऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की रेटा न देता थांबून कानस हातात घ्यावी.